‘टू’ आणि क्रियापदाच्या मधली जागा

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी चालू होता. सरन्यायाधीश हातात कागद न घेता मजकूर सांगत होते. राज्यघटनेतलं १७८७ चं मूळ वाक्य आहे ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. त्यांच्या तोंडून मात्र ‘फेथफुली’ मधून निसटलं आणि वाक्याच्या पार शेपटाला जाऊन बसलं. ‘एक्झिक्यूट’ म्हणून नवे राष्ट्राध्यक्ष थबकले. काहीतरी चुकलंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग दुरुस्तीचा प्रयत्न झाला, तोही फसला, आणि शेवटी त्यांनी चुकीच्याच क्रमाने वाक्य पुरं केलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये खबरदारी म्हणून शपथ पुन्हा द्यावी लागली. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये शब्द येऊ न देण्याची व्याकरणी सवयच सरन्यायाधीशांना नडली असावी, असा तर्क एका भाषाशास्त्रज्ञाने त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात मांडला. तर्क पटो न पटो, एका क्रियाविशेषणाची जागा चुकली म्हणून देशाच्या प्रमुखाला दोनदा शपथ घ्यावी लागली, हे खरं.

शाळेत शिकलेला नियम सगळ्यांना आठवत असेल: ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’ आणि ‘हॅज’च्या नंतर. हा अपवाद कशासाठी, ते कोणी सांगत नाही. गंमत अशी की क्रियाविशेषण मुळी हललेलंच नाही, हललं ते क्रियापद. जुन्या इंग्रजीत क्रियापद आपली जागा सोडून क्रियाविशेषणाच्या आणि नकाराच्या डावीकडे जाऊन बसत असे. १६११ च्या बायबलमध्ये ‘दे नो नॉट व्हॉट दे डू’ असं आहे. ‘नो’ने, म्हणजे ‘जाणणे’ या क्रियापदाने, ‘नॉट’वरून उडी मारलेली दिसते. पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान ही उडी हळूहळू बंद पडली, साधारण त्याच काळात मदतीचं ‘डू’ रुळलं, आणि वाक्य ‘दे डू नॉट नो’ झालं. ‘बी’ आणि ‘हॅव’ मात्र अजून उडी मारतात. शाळेतला अपवाद तो हाच. फ्रेंचमध्ये सगळीच क्रियापदं अजून उड्या मारतात: ‘जाँ आँब्रास सुवाँ मारी’, म्हणजे जाँ-चुंबतो-अनेकदा-मारीला. इंग्रजीत ‘ऑफन’ आधी येतं. १९८९ मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने हा फरक नीट मांडला आणि पुढची कित्येक वर्षं वाक्यरचनेचे अभ्यासक याच एका उडीवर लेख लिहीत राहिले.

एवढा मोठा बदल झाला, पण त्यावरून भांडण झाल्याचं दिसत नाही. भांडण झालं ते ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामधल्या चिमूटभर जागेवरून: तिथे क्रियाविशेषण घालायचं नाही, अशी बंदी.

या भांडणाचं नावच आधी घोटाळ्याचं आहे. ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’ म्हणजे मूळ एकसंध असलेलं क्रियारूप कोणीतरी मधून फोडलं, असा आभास त्यातून होतो. हा शब्दप्रयोग रुळला १८९० च्या दशकात, म्हणजे वाद पेटून पन्नासेक वर्षं उलटल्यावर. पण फुटलं काय? जुन्या इंग्रजीतलं साधं क्रियारूप ‘सिंगन’ असं एकाच शब्दाचं होतं, त्यात ‘टू’ नव्हतंच. ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय. ‘गाण्यासाठी’मधल्या ‘साठी’सारखं ते एका वेगळ्या रूपाला जोडून येई आणि पुढे सगळीकडे पसरलं. आजही ‘आय मस्ट गो’मध्ये ते लागत नाही. तेव्हा ‘टू बोल्डली गो’मध्ये ‘गो’ अखंडच आहे. आपल्या ‘जाणे’चं तसं नाही. ‘जा’ आणि ‘णे’च्या मधे ‘धिटाईने’ कोंबायला कोणी धजणार नाही, आणि तशी बंदी घालायची गरजही कोणाला पडलेली नाही.

बंदीचं जे कारण सगळीकडे सांगतात, त्यातही असाच घोटाळा आहे. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं, म्हणून लॅटिनभक्त व्याकरणकारांनी इंग्रजीवर नियम लादला, असं म्हणतात. कथा सुटसुटीत आहे, पण सुरुवातीच्या विरोधकांच्या लिखाणात लॅटिनचा आधार सापडत नाही. १८३४ मध्ये एका अमेरिकी मासिकात ‘पी’ एवढीच सही असलेलं एक टिपण आलं. त्याची तक्रार होती की ‘टू’ आणि क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण घुसवणं अशिक्षितांत बरंच चालतं. म्हणजे आक्षेप होता माणसांच्या पायरीवर. व्याकरण नंतर आलं. १८६४ मध्ये कँटरबरीच्या चर्चमधल्या एका बड्या धर्माधिकाऱ्याने एका पत्रलेखकाला उत्तर दिलं. पत्रलेखकाने ‘टू सायंटिफिकली इलस्ट्रेट’ अशा रचनेची बाजू घेतली होती. असली सवय इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ठाऊकच नाही, असं धर्माधिकाऱ्यांनी ठोकून दिलं. हे चूक होतं. चौदाव्या शतकातल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, मांस न खाणं चांगलं असं सांगणाऱ्या वचनात, ‘टू नॉट ईट’ची रचना सरळसरळ आहे. मधली दोन-तीनशे वर्षं ती विरळ झाली, अठराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा वर आली, आणि जुनीच गोष्ट नवं फॅड म्हणून खपली. माझ्या मते बंदीला जोर चढला तो याच गैरसमजामुळे.

मग मात्र ती सुशिक्षितपणाची खूण झाली. १८७१ च्या वॉशिंग्टन तहाची हकीकत नेहमी सांगितली जाते. अमेरिकी यादवीत झालेल्या जहाजांच्या नुकसानीबद्दल ब्रिटनने पुष्कळ काही मान्य केलं, पण तहाच्या मजकुरात ‘टू’नंतर क्रियाविशेषण खपवून घेणार नाही, अशी तार लंडनहून गेली म्हणे. १८९२ मध्ये लंडनच्या एका दैनिकात भाषाशुद्धीचे धडे देणाऱ्या स्तंभलेखकावर एक आयरिश लेखक इतका वैतागला की त्याने संपादकांना पत्र लिहून त्या माणसाला हाकलायची मागणी केली. वर कोपरखळीही मारली: जाताना त्याने ‘टू सडनली गो’, ‘टू गो सडनली’ की ‘सडनली टू गो’ यातलं काहीही निवडावं, त्या स्वातंत्र्याला धक्का लावू नये.

१९२६ च्या एका वापरकोशाने इंग्रजी बोलणाऱ्यांचे या प्रश्नावर पाच गट पाडले. ज्यांना ही भानगड माहीतही नाही आणि फिकीरही नाही ते सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सुखी. ज्यांना माहीत नाही पण फिकीर फार, त्यांची त्याने यथेच्छ टर उडवली आहे. १९६६ मध्ये एका अमेरिकी अंतराळमालिकेच्या सुरुवातीला ‘टू बोल्डली गो’ ऐकू येऊ लागलं. ‘बोल्डली’ दुसरीकडे हलवून पाहा, वाक्याचा ठेकाच बिघडतो. १९९८ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश कोशाने ही रचना निर्दोष ठरवली, तर वर्तमानपत्रांत त्याचीच बातमी झाली. लंडनच्या एका जुन्या साप्ताहिकाची शैलीपुस्तिका मात्र तेव्हाही सांगत राहिली की बंदीला अर्थ नाही, पण ती मोडलेली पाहून बरेच वाचक चिडतात, म्हणून पाळा. ही ओळ २०१८ मध्ये बदलली.