बिल्डिंग पाडताना ‘आतली हवा ओढतात’? नाही हो!

नोएडाचे जुळे मनोरे 28 ऑगस्ट 2022 रोजी पाडले, त्याचा व्हिडिओ दिसला की रंकाळ्याच्या कट्ट्यावर कुणीतरी ठामपणे सांगतंच : ‘आतली हवा ओढून घेत्यात, मग बिल्डिंग आत बसती. त्यालाच इम्प्लोजन म्हणत्यात.’

हवेचा इथं काही संबंध नाही. नोएडात सुमारे 3,700 किलो स्फोटकं वापरली, तीही खांबांना भोकं पाडून ठासलेली आणि थोड्या थोड्या अंतरानं उडणारी. त्यांचं काम एवढंच, खांब तोडायचे. कुठला आधी आणि कुठला नंतर, यात खरं डोकं लागतं. मधले आधी गेले की बाजूचे भाग मध्याकडं झुकतात. बाकी सगळं इमारतीचं वजनच करतं.

खरं इम्प्लोड होणं वेगळं. बाहेरचा दाब इतका वाढतो की भिंत आत चिरडते. जून 2023 मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडं उतरणारी ‘टायटन’ पाणबुडी अशीच गेली. ते अवशेष 3,800 मीटरवर आहेत. तिथं पाण्याचा दाब हवेच्या साधारण 380 पट.

शब्दाचं मूळही हवेत नाही, नाटकात आहे. लॅटिनमध्ये ‘एक्सप्लोड’चं मूळ क्रियापद म्हणजे टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून हाकलणं! त्याच साच्यावर 19व्या शतकात ‘इम्प्लोड’ बेतला.

आणि पुरात भिजून शुक्रवार पेठेतली मातीची भिंत बसते, ती नुसती खचते. तिला इम्प्लोजन म्हणू नका.