टाच बांधली आणि काठी सुटली

स्की म्हणजे बर्फावर घसरण्यासाठी पायांना बांधायच्या लांब फळ्या. नॉर्वेच्या सैन्याने १७६७ मध्ये स्की स्पर्धांचे नियम कागदावर उतरवले. घसरता घसरता निशाणा साधणं, झाडांमधून वाट काढणं, शस्त्रांसह शर्यत, असे प्रकार त्यात होते. एक बक्षीस मात्र मला फार बोलकं वाटतं. उभ्या उतारावरून काठीवर न रेलता, न पडता खाली येणाऱ्यासाठी ते होतं. म्हणजे काठीवर रेलत उतरणं हीच तेव्हाची रीत होती!

कारण साधं होतं. स्की बहुधा फक्त पुढच्या पट्ट्यात अडकवलेली असे, टाच मोकळीच. सैल चपलेने धावताना पाय एकीकडे आणि चपल दुसरीकडे जाते, तसंच. वळायचं किंवा उडी मारायची, तर स्की पायाचं ऐकणार कशी?

नॉर्वेच्याच टेलिमार्क भागातल्या मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोरहेम हा गरीब कूळशेतकरी. त्याने झाडाच्या लवचीक काड्या पिळून टाचेभोवती वेढा घातला. टाच उचलता येई, पण स्की पायातून निसटत नसे. शिवाय त्याच्या स्की आखूड आणि मध्यभागी बारीक होत्या. कमरेत बारीक स्की टेलिमार्कात आधीही बनत, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या त्याला देऊ नये. पण या दोन्हींचं काय करता येतं, ते त्याने दाखवलं.

बारीक कमरेचं गणित मजेशीर आहे. अशी स्की कडेवर कलली, की तिची दोन रुंद टोकं आधी बर्फाला टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. माणसाचं वजन तो भाग खाली दाबतं, स्की धनुष्यासारखी वाकते आणि तिची कड बर्फात वक्र रेघ ओढत जाते. वळण आपोआप मिळतं.

१८६८ मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धा झाली. बेचाळिशीतल्या नोरहेमने ती जिंकली. पुढे स्पर्धा वाढत गेल्या. १८९२ पासून ओस्लोतल्याच होल्मेनकोलेन टेकडीवर त्या होऊ लागल्या, तर १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीत पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. नोरहेम १८८४ मध्येच अमेरिकेला गेला होता. १८९७ मध्ये तो वारला, तेही नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर.

स्की जंपिंगमध्ये, म्हणजे स्की बांधून लांब उडी मारण्याच्या खेळात, आजही जमिनीवर येताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून, गुडघे वाकवून उतरावं लागतं. त्याला टेलिमार्कच म्हणतात, आणि ते जमलं नाही तर पंच गुण कापतात.