बुद्धिबळातले कानसेन

तानसेन होणं नशिबात नसलं तरी कानसेन व्हायला कुणाची आडकाठी नसते. गाण्याच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. बुद्धिबळाचा विषय निघाला की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘रेटिंग (स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा गुणांक) किती?’ स्पर्धांच्या वाटेला न जाता, रात्री जेवणं झाल्यावर पट मांडून दिग्गजांचे डाव एकेक चाल करत पाहणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना यातून काय मिळतं, यावर मानसशास्त्राला बरंच काही सांगता येतं.

१८५८ सालचा पॅरिसचा प्रसिद्ध डाव घ्या. ऑपेरा हाउसच्या बॉक्समध्ये बसून न्यू ऑर्लिन्सचा २१ वर्षांचा पॉल मॉर्फी एकटा खेळतोय. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून. सातव्या चालीला मॉर्फीचा वजीर एकाच वेळी दोन प्याद्यांवर रोखला जातो. काळ्यानं एक वाचवलं, दुसरं उघडं पडलं. इथे पुस्तकात छापलेल्या पुढच्या चालींवर पोस्टकार्ड ठेवून त्या झाकायच्या आणि विचार करायचा. तुम्ही-आम्ही ते प्यादं मारणार, फुकटचं कोण सोडतो? पण मारलं की काळा आपला वजीर पुढे आणून शह देतो, वजिरांची मारामारी होते, आणि एक प्यादं कमावूनही डावातली धग निघून जाते. मॉर्फी त्या प्याद्याकडे बघतही नाही. तो शांतपणे घोडा बाहेर काढतो.

दोन चालींनी हाच घोडा तो देऊन टाकतो. मग एक हत्ती देतो. सोळाव्या चालीला वजीरही देतो आणि सतराव्या चालीला मात! पटावर त्याच्याकडे उरलेत राजा, एक हत्ती, एक उंट आणि प्यादी. काळ्याचा एक उंट आणि एक हत्ती मात होईपर्यंत मूळ घरातून हललेलेच नाहीत. पहिल्यांदा पाहताना डोळे दिपतात ते वजिराच्या बलिदानानं. चार-पाच वेळा डाव लावल्यावर मात्र खरी मजा आठव्या चालीत, प्यादं सोडून घोडा काढण्यात आहे हे जाणवतं. निदान मला तरी ती चाल बलिदानापेक्षा सुंदर वाटते.

पट तोच, पाहणारा तोच, मग दिसणं का बदललं? हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी आलेखिन, केरेस यांच्यासारख्या दिग्गजांना मोठ्यानं बोलत विचार करायला लावलं. १९४६च्या प्रबंधात त्यांनी जे मांडलं ते अनपेक्षित होतं. चांगल्या क्लब खेळाडूंच्या तुलनेत दिग्गज फार जास्त चालींचा विचार करत नव्हते, फार खोलवरही जात नव्हते. योग्य चाल त्यांच्या नजरेत आधीच भरत होती.

१९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी याची पुढची पायरी गाठली. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग ती रिकाम्या पटावर मांडायला सांगायची. मास्टरनं पहिल्याच नजरेत सोळाच्या आसपास मोहरी बरोबर मांडली, नवशिक्यानं जेमतेम चार. मग त्यांनी मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली आणि मास्टरची आघाडी जवळपास पुसली गेली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट वगैरे नव्हती. कॅसलिंग केलेला (हत्तीशी जागा बदलून कोपऱ्याकडे सुरक्षित नेलेला) राजा आणि त्यापुढची तीन प्यादी त्याला चार मोहरी म्हणून दिसतच नाहीत, एकच गट म्हणून दिसतात. जुने डाव लावताना आपल्याही डोक्यात असेच गट साठत जातात. मास्टरइतके नाही, पण ओळख पटण्याचा आनंद व्हायला तेवढे पुरतात.

या ओळखीची एक गंमतशीर खोडही आहे. २००८ साली बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी खेळाडूंपुढे अशी स्थिती ठेवली, जिच्यात घोड्यानं देण्याची पाठ झालेली मात पाच चालींत होती आणि दुसरी, कमी ओळखीची मात तीनच चालींत. चांगल्या खेळाडूंना ओळखीची मात पटकन दिसली आणि छोटी सुटली. ‘आम्ही दुसरं काही शोधतोय’ असं ते प्रामाणिकपणे सांगत होते. नजरेचा माग घेणारं यंत्र मात्र दाखवत होतं की डोळे पुन्हा पुन्हा त्याच जुन्या घरांवर जाताहेत.

म्हणूनच पोस्टकार्डाचा उपाय मला इंजिनापेक्षा, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामपेक्षा बरा वाटतो. इंजिन लगेच उत्तर देतं आणि अंदाज बांधायला जागाच ठेवत नाही. ते सुरू करायचंच तर सगळ्यात शेवटी.

आजच्या ग्रँडमास्टरांच्या डावात आणखी एक कोडं असतं. मॉर्फीच्या डावासारखी पटावर मात क्वचितच होते. सगळं ठीकठाक दिसत असताना चौतिसाव्या चालीला काळा डाव सोडून देतो, आणि पुस्तक तिथेच थांबतं. का सोडला? काळी मोहरी आपण घ्यायची, पांढरी संगणकाला द्यायची आणि तिथून पुढे खेळायला लागायचं.