क्लारीस आग्बेन्येनू आणि ६३ किलोंचा गट

३० जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिला ज्युदोच्या ६३ किलो गटात फ्रान्सची क्लारीस आग्बेन्येनू उपांत्य फेरीत हरली आणि तिला कांस्यपदकावर थांबावं लागलं. तिला हरवणारी स्लोव्हेनियाची आन्द्रेया लेश्की. याच लेश्कीला तिने २०२१ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत नमवलं होतं. हा निकाल धक्कादायक होता खरा, पण या गटाचा इतिहास पाहिला तर अनपेक्षित नव्हता.

तो इतिहास बायकांच्या ज्युदोपासूनच सुरू करावा लागतो. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत रस्टी कानोकोगी नावाची तरुणी पुरुष असल्याचं भासवून उतरली आणि लढत जिंकली. ती स्त्री आहे हे कळताच तिचं पदक काढून घेतलं गेलं. पुढे १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्येच महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, ती मुख्यतः याच बाईंच्या धडपडीमुळे. त्या स्पर्धेत ७२ किलो गटात जोसलिन त्रियादू जिंकली आणि फ्रान्सला पहिली महिला जगज्जेती मिळाली. १९८८ साली सोलमध्ये महिलांचं ज्युदो केवळ प्रात्यक्षिक म्हणून झालं. पदकांच्या यादीत ते आलं १९९२ मध्ये, बार्सिलोनाला. तिथे फ्रान्सच्या सेसिल नोवाक आणि कॅथरीन फ्लरी या दोघींनी सुवर्णपदकं मिळवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेन शहरात टोगोहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी क्लारीस जन्मली. जुळी, आणि दिवस भरण्याआधीच जन्मलेली. सुरुवातीचे दिवस अतिदक्षता विभागात गेले, मूत्रपिंडाची शस्त्रक्रियाही झाली. ज्युदो ती पॅरिसजवळच्या आस्निएरमध्ये शिकली. फ्रान्समध्ये ज्युदो हा काही हौशी मंडळींचा खेळ नाही. १९३५ मध्ये मिकोनोसुके कावाइशी हे जपानी शिक्षक पॅरिसला आले, त्यांनी रंगीत पट्ट्यांची पद्धत रुजवली आणि हा खेळ गल्लीबोळांतल्या क्लबांपर्यंत पोहोचला. आज तिथे नोंदणीकृत ज्युदोपटूच पाच लाखांहून जास्त आहेत.

इतक्या गर्दीतून वर येणं सोपं नव्हतं. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात देशाची एकच खेळाडू उतरते. लंडनला, २०१२ मध्ये, फ्रान्सकडून ६३ किलोंत जेवरीझ एमान लढली आणि तिने कांस्य आणलं. एमान पुन्हा ७० किलोंकडे वळल्यावर ही जागा आग्बेन्येनूची झाली. २०१३ ला रिओतल्या जागतिक स्पर्धेत ती थेट अंतिम सामन्यात पोहोचली. तिथे इस्रायलच्या यार्डेन गेर्बीने गळा असा आवळला की ही मॅटवरच बेशुद्ध पडली. वर्षभराने चेल्याबिन्स्कमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा गेर्बीच समोर आली, आणि या वेळी आग्बेन्येनू जिंकली.

तिची खरी जुगलबंदी मात्र स्लोव्हेनियाच्या टिना त्र्स्तेन्याकशी झाली. २०१५ ची जागतिक अंतिम लढत आणि २०१६ ची रिओ ऑलिंपिकची, दोन्ही त्र्स्तेन्याकने जिंकल्या. या गटातला स्लोव्हेनियाचा दरारा मोठा विलक्षण आहे. देशाची लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षाही कमी. तरीही लंडनला उर्श्का झोल्निर, रिओला त्र्स्तेन्याक आणि पॅरिसला लेश्की, अशी चारपैकी तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यांच्याकडे गेली. तिघीही त्सेल्ये नावाच्या छोट्या शहरात, मारियान फाब्यान या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेल्या. मधलं एकच सुवर्ण त्यांच्या हातून निसटलं, आणि ते आग्बेन्येनूने नेलं.

रिओनंतर ती २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं जगज्जेती ठरली. यातली २०१९ ची, टोकियोच्या बुदोकानमधली लढत आवर्जून पाहावी अशी आहे. ज्युदोत चार मिनिटांत निकाल लागला नाही, तर पहिला गुण मिळेपर्यंत लढत चालूच राहते. जपानच्या मिकू ताशिरोविरुद्धची ही लढत अकरा मिनिटांहून अधिक लांबली. कुस्तीच्या आखाड्यात अशा वेळी प्रेक्षक उभे राहतात, तशीच ही लढत. महासाथीमुळे लांबलेलं ऑलिंपिक जुलै २०२१ मध्ये झालं तेही याच सभागृहात. अंतिम सामन्यात पुन्हा त्र्स्तेन्याक, पुन्हा वाढीव वेळ, आणि अखेर सुवर्ण. निकाल लागल्यावर आग्बेन्येनूने हरलेल्या त्र्स्तेन्याकला सरळ उचलूनच घेतलं. पाच वर्षं मनात बाळगलेल्या हिशेबाचा असा शेवट खेळात क्वचितच दिसतो. काही दिवसांनी स्त्री-पुरुष एकत्र लढतात त्या मिश्र सांघिक स्पर्धेत फ्रान्सने जपानला त्याच्याच अंगणात ४-१ ने हरवलं.

जून २०२२ मध्ये तिला मुलगी झाली, अथेना. मे २०२३ मध्ये दोहात ती सहाव्यांदा जगज्जेती झाली, तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. स्पर्धेला, सरावाला ती मुलीला बरोबर नेई. आई झालेल्या खेळाडूंना बाळ सोबत ठेवता यावं, ही मागणी तिने उघडपणे लावून धरली. पॅरिसच्या ऑलिंपिक ग्राममध्ये पहिल्यांदाच पाळणाघर आलं, त्यामागे अशा अनेक आयांचा आवाज होता.

लेश्कीकडून हरल्यानंतर चार दिवसांनी मिश्र सांघिक अंतिम सामन्यात फ्रान्स आणि जपान ३-३ वर अडकले. निर्णायक लढतीचा गट चक्र फिरवून ठरला, फ्रान्सकडून टेडी रिनेर उतरला आणि जिंकला. आग्बेन्येनूचं हे पाचवं ऑलिंपिक पदक, त्यातलं तिसरं सुवर्ण.