औषध ‘लागू पडत नाही’ आणि औषध ‘सोसत नाही’

केमोथेरपीचं औषध मध्येच थांबवलं की घरचे घाबरून विचारतात, “म्हणजे लागू पडलं नाही का?” कित्येकदा ते लागू पडत असतं, फक्त शरीराला सोसत नसतं. दोन्ही वेळी औषध बंद होतं, म्हणून गल्लत होते. पण लागू न पडणं ही गाठीतल्या पेशींची गोष्ट आणि न सोसणं ही निरोगी पेशींची.

गोंधळात भर म्हणजे दोन्हीकडे ऑक्सिडेटिव्ह ताणाचा हात असतो. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन ही औषधं डीएनएवर घाव घालतात, शिवाय पेशीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढवतात; त्यांनी पेशीची हानी होते, तोच हा ताण. त्यावर पेशीकडे उपाय असतो. एनआरएफ-2 या प्रथिनाला एरवी कीप-1 हे दुसरं प्रथिन धरून ठेवतं आणि नष्ट करवतं. ताण वाढला की ही पकड सुटते, एनआरएफ-2 केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायोन (त्या अतिक्रियाशील रेणूंना शांत करणारा पदार्थ) बनवणारी जनुकं जागी करतं. ताण ओसरला की सगळं पूर्ववत. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत मात्र कीप-1चं जनुकच बिघडलेलं असतं, त्यामुळे हा संदेश थांबतच नाही. ग्लुटाथायोन मुबलक होतं, सिस्प्लॅटिनला चिकटून त्याला निकामी करतं आणि गाठ औषधाला दाद देत नाही. (औषध पेशीबाहेर फेकणारे पंप हा प्रतिरोधाचा आणखी एक मार्ग.)

हृदयाचं नेमकं उलट. तिथे कॅटालेज हे संरक्षक विकर कमी आणि नव्या स्नायूपेशी जवळजवळ बनतच नाहीत. डॉक्सोरुबिसिनने केलेली हानी साठत जाते. म्हणून त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण 450 ते 550 मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. गाठ छान आकसत असली तरी तिथे थांबावं लागतं.

‘त्रास होतोय म्हणजे औषध काम करतंय’ हा समजही सोडायला हवा. गुण आला की नाही हे तपासण्यांवरून ठरतं, उलट्यांवरून नाही.

मग ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू कराव्यात का? आपल्या माणसाचे हाल बघवत नाहीत, तेव्हा हा विचार येणारच. पण त्या गोळीला गाठ आणि हृदय यांतला फरक कळत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नका. सिस्प्लॅटिनमुळे मुलांची श्रवणशक्ती जाऊ नये म्हणून अमेरिकेत 2022 साली सोडियम थायोसल्फेटला मान्यता मिळाली. तेसुद्धा सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर 6 तासांनी देतात, म्हणजे गाठीवरच्या माऱ्यात ते आड येत नाही. आणि कर्करोग इतरत्र पसरलेला नसेल तरच.