दाईचे दूध आणि दाईचे मूल : ‘एस्थर वॉटर्स’ची पार्श्वभूमी

जॉर्ज मूर यांची ‘एस्थर वॉटर्स’ ही इंग्रजी कादंबरी १८९४ मध्ये निघाली, पण तिच्यातली मोलकरीण एस्थर लग्नाविना आई होते ती साधारण वीस वर्षे आधी. १८३४ च्या कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाचा भार इंग्लंडात आईवरच टाकला होता. पुढे तिला बापाकडून पोटगी मागता येऊ लागली आणि १८७२ मध्ये पोटगीची कमाल मर्यादा आठवड्याला पाच शिलिंग झाली. अर्थात बाप सापडला तर. एस्थरचा प्रियकर दुसरीबरोबर निघून गेलेला असतो.

मग ती दाई होते. हा शब्द आपल्याकडे घोटाळा करतो, कारण बाळंतपण करणारी सुईणही दाईच. इथली दाई श्रीमंताच्या बाळाला अंगावर पाजणारी. त्या घरात राहायचे म्हणून स्वतःचे तान्हे पैसे देऊन दुसऱ्या बाईकडे ठेवायचे. कादंबरीत त्या घरच्या आधीच्या दोन दायांची मुले अशीच दगावलेली आहेत. एस्थरचे मूल सांभाळणारी बाई तर पाच पौंडांत मुलाची ‘कटकट’ कायमची मिटवायची तयारी दाखवते.

असे धंदे खरोखर चालत. १८७० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या एका बाईला याच गुन्ह्यासाठी फाशी झाली आणि दोन वर्षांत कायदा आला. पैसे घेऊन चोवीस तासांहून अधिक काळ एकाहून जास्त तान्ही मुले ठेवणाऱ्याने नोंदणी करायची. मूल वर्षाच्या आतले असेल तरच. एकच मूल ठेवणारी मोकळी.

ही सूट फार वादग्रस्त ठरली. मूळ मसुदा कडक होता. त्याला स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका गटाने कडाडून विरोध केला: नोंदणीमुळे सांभाळणाऱ्या बायका कमी होतील, दर वाढतील, आणि कष्टकरी आईने मूल कोणाकडे ठेवावे हे पुरुष अधिकारी ठरवतील. दराची भीती खरीच होती. आठवड्याच्या मजुरीतून चार पैसे बाजूला काढणाऱ्या आईला एक शिलिंगही जड. तरीही सूट चुकलीच, असे मला वाटते. एकरकमी पैशांत दिलेले एकटे मूल सर्वांत असुरक्षित, आणि नेमके तेच निसटले. १८९६ मध्ये आणखी एका बाईला फाशी झाली. १८९७ च्या कायद्याने वयोमर्यादा पाच वर्षे केली, एकरकमी व्यवहारांवर थोडा लगाम घातला. एका मुलाची सूट पूर्ण गेली ती १९०८ मध्ये.

या सगळ्यात दूध विकत घेणाऱ्या घराकडे कायदा वळलाच नाही. एस्थर मात्र मालकिणीला तोंडावर विचारते की तुमचे एक मूल जगावे म्हणून गरिबांची दोन मुले मेली, आता माझेही द्यायचे का.

कादंबरी आल्यावर रेल्वे स्थानकांवर पुस्तके विकणाऱ्या एका बड्या कंपनीने ती ठेवायला नकार दिला. नुकत्याच पायउतार झालेल्या पंतप्रधानांनी तिची पाठराखण केली आणि ती खपली.