होडीने येताना: निघण्यापूर्वी एवढं वाचा

आमच्या लॉजपर्यंत गाडी येत नाही. गाडी धक्क्यावर ठेवायची आणि पुढे खाडीतून होडीने यायचं. रस्ता व्हावा अशी आमची इच्छाही नाही. त्यासाठी भराव टाकून पाणथळ जागा बुजवावी लागेल आणि तुम्ही ज्या पक्ष्यांसाठी, ज्या शांततेसाठी येता तेच उरणार नाही.

होडीची वेळ

होडी कधी सुटणार हे भरती-ओहोटीवर ठरतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या खेपेला तुम्ही सकाळी आठच्या होडीने आला असाल, तरी या खेपेला वेळ वेगळी असेल. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं जास्त चढतं, तितकंच ओहोटीला खालीही जातं आणि खाडीच्या तोंडाशी नुसता चिखल उरतो.

उतरणारं पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. तुमचा अर्ध्या तासाचा उशीर नेमका या वेळात आला, तर होडी पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. म्हणून कळवलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी धक्क्यावर या, ही आमची कळकळीची विनंती आहे.

शक्य असेल तर सकाळची फेरी घ्या. दुपारी जमीन तापली की पाण्यावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. अंधारात आम्ही होडी सोडत नाही. पोहोचायला संध्याकाळ होणार असेल तर त्या रात्री धक्क्याजवळच मुक्काम करा. परतीच्या दिवशी लगेचची गाडी किंवा विमान ठेवू नका. वारा वाढला तर होडी चालवणारा तांडेल नाही म्हणेल आणि त्याचा शब्द शेवटचा असतो.

सामान आणि चढणं-उतरणं

चाकांची बॅग चिखलात आणि फळ्यांवर निरुपयोगी ठरते. मऊ कापडी बॅग आणा. कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. वॉटरप्रूफ बॅग असेल तर तिचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून मगच बकल लावा, नुसतं दुमडलं तर पाणी आत जातं. औषधं आणि फोन हाताशी ठेवा. पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, कारण साधी चप्पल चिखलात रुतते आणि पाय तेवढा वर येतो.

चढताना पाठीवर बॅग नको. ती आधी आत द्या, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि काठावर नव्हे, होडीच्या मधोमध पाय टाका. बसा म्हटलं की लगेच बसा.

लाईफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा. बकल लावून झाल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा न चुकता लावा. मुलांचं वजन आधी कळवलंत तर योग्य मापाचं जॅकेट होडीत तयार असेल.

होडी लागत असेल तर मागच्या बाजूला, मध्यभागी बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पोहोचल्यावर

वीज सौरऊर्जेची आहे. दिवे आणि फोनचं चार्जिंग आरामात चालतं. इस्त्री, हेअर ड्रायर, पाण्याची किटली मात्र आणू नका, एकाच उपकरणाने बॅटरी उतरते. इथला न कुजणारा कचरा होडीनेच परत जातो, तेव्हा वेष्टनं घरीच काढून या. वापरलेले सेल सोबत परत न्या.

दवाखान्यात जायचं तरी होडीच लागते. हृदयविकार, गरोदरपण, दमा, कसलीही तीव्र ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आम्ही येऊ नका म्हणणार नाही; कोणत्या दिवशी पाणी सोयीचं आहे ते बघून तारीख सुचवू. वाटेत नेटवर्क तुटतं, म्हणून आदल्या संध्याकाळी आमचा फोन येईल तेव्हा वेळ लिहून घ्या.